चोरदरवाजा नसलेला पूल

ती मला पहिल्यांदा दिसली ती मी शिकवत होते त्या शाळेच्या प्रयोगशाळेबाहेर. वरच्या वर्गातल्या एका दांडगट मुलीनं तिचा हात पाठीमागे पिरगाळला होता. त्या दांडगट मुलीला प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हवी होती.

"कुठे आहे मला माहीत नाही. मुद्दामच माहीत करून घेतलं नाही. नाहीतर तू काढून घेतलं असतंस."

"लपवली कुणी, ते तरी सांग."

तिनं नकारार्थी मान हलवली. तिचा धाकटा भाऊ जिन्यावरून म्हणाला, "मी लपवली." मी पोचेपर्यंत त्याच्या ओठातून रक्त येत होतं. त्या दिवसापासून वर्गानं तिला कुलूप हे नाव दिलं.

पुढे ती आणि भाऊ एकाच ब्लॉकचेन कंपनीत लागले. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून राखलेली हिशेबाची वही, हे मला तिनंच समजावलं. एका वहीला दुसरीची ओळख नसते. इथले पैसे तिथे न्यायचे तर मधे पूल लागतो, आणि चोरांचा डोळा नेमका पुलावर. तिनं बनवलेल्या पुलाला पाच राखणदार होते, दोन भावंडंही त्यांत होती. प्रत्येकाची किल्ली म्हणजे हातात मावेल एवढं यंत्र. तिघांनी मान्यता दिली तरच पैसे सुटत, तेही एक दिवस थांबून. तेवढ्यात उरलेल्या दोघांपैकी कुणीही ते अडवू शके.

"ताई, अडीअडचणीला एखादा चोरदरवाजा ठेव," भाऊ एकदा जेवताना म्हणाला होता.

"तो आधी चोरालाच सापडेल. तू जेव."

जुन्या किल्ल्या मोडून नव्या घडवायच्या तेव्हा राखणदारांनी एका खोलीत, एकमेकांच्या डोळ्यांदेखत बसायचं, हा त्या धंद्यातला रिवाज. काही बाहेर फुटू नये म्हणून फोन दाराबाहेरच्या पेटीत. त्या दिवशी ती, भाऊ आणि कंपनीचे वयस्कर वकील बसले होते. दोघे थोड्या वेळानं परगावाहून पडद्यावर जोडले जाणार होते. एरवी तीन घरांत असणाऱ्या किल्ल्या एकाच टेबलावर आणि मदतीला बोलवायला फोन नाही, यातला धोका कुणालाच दिसला नव्हता.

दोन माणसं आत आली. एकानं पहारीनं वकिलांचा गुडघा फोडला. दुसऱ्यानं तिचं डोकं टेबलावर आपटलं. तिघांनीही निमूट मान्यता दिली. पडद्यावर आलं: एक दिवस थांबा.

"लवकर सोड."

"येत नाही."

"बनवलंय कुणी?"

"मीच. म्हणून सांगते, येत नाही."

विचारणाऱ्यानं भावाचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि हातोडी मारली. पुन्हा विचारलं, पुन्हा मारली. एखादी आडवाट असती तर तिनं पहिल्याच घावाला दाखवली असती. हे तिनं मला इस्पितळात सांगितलं, एका बाजूचे दात पडलेल्या तोंडानं, एकेक शब्द थांबून. ती त्या माणसाच्या पाया पडली. तो समजला, ही हट्ट करतेय.

मग पडद्यावर जोडल्या गेलेल्या परगावच्या राखणदार बाईंनी हे पाहून पैसे अडवले आणि पडदा लाल झाला. पोलीस येणार हे दोघा चोरांना कळलं. जाता जाता त्या माणसानं उरलेला राग त्याच हातावर काढला.

लोकांचा पैसा वाचला. कंपनीनं तिचा सत्कार ठरवला, ती गेली नाही. भाऊ खाटेवरून मला म्हणाला, "बाई, हिचं कुलूप शाळेपासून पक्कं. मार मात्र मलाच."

ती हसली नाही. बरी होताच तिनं तो रिवाज मोडून काढला. आता प्रत्येक राखणदार आपली किल्ली आपल्या घरीच घडवतो, आणि कोण कुठे राहतो हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. भावाला तिनं त्या कामातून काढलं. त्यावरून दोघं महिनाभर बोलत नव्हती.

चोरदरवाजा तिनं अजूनही ठेवलेला नाही.

हल्ली ती भावाच्याच घरी राहते. रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून देते आणि मग कामाला बसते.