सुकटीवरचा आळ

मीटरवरचा आकडा बघून मला आधी मीटरचीच शंका आली. घरातल्या हवेची तपासणी हे माझं काम. पण करावे गावातल्या साध्या बेडरूममध्ये केमिकलच्या गोदामासारखं रीडिंग?

"बघा, बोललो होतो ना? आईची सुकट!" निलेश म्हणाला.

लग्नाआधी त्याने बेडरूमचं फर्निचर नवं केलं. लग्नानंतर बायकोला, प्राचीला, खोकला लागला. डोळे चुरचुरायचे, दम लागायचा. शेवटी ती माहेरी गेली. आळ आला सासूबाई गॅलरीत वाळवायच्या त्या सुकटीवर. जन्मभर मासळी विकलेल्या बाईची टोपली निलेशने माळ्यावर टाकली होती.

मला मात्र फिनेलचा वास येत होता. मी निलेशच्या आईला विचारलं, "मावशी, आज लादी पुसली?"

"मंग? तुमी येनार म्हनून पुसली. उदबत्त्या पन लावल्या. पाव्हन्याला घान घरात बसवू काय?"

चूक माझी. हा मीटर हवेतल्या सगळ्या वाफा एकत्र मोजतो. फिनेल काय, उदबत्ती काय, त्याला सारखंच. आपल्याकडे कोणी येणार म्हटलं की घर चकाचक होतं, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

"आठवड्याने येतो," मी म्हटलं. "तोवर फिनेल नाही, उदबत्ती नाही. आणि मावशी, गॅलरीत सुकट वाळत घाला."

"सर, मस्करी करता काय?" निलेश वैतागला.

"आरोपी हजर नको?"

पुढच्या खेपेला हवेचे नमुने घेऊन पावणे औद्योगिक वसाहतीतल्या लॅबला दिले. शोधत होतो फॉर्माल्डिहाइड. हलक्या प्लायवूडच्या गोंदातून सुटणारा, डोळे-घसा चुरचुरवणारा वायू. गॅलरीला लागून असलेल्या हॉलमध्ये तो किरकोळ निघाला. बेडरूममध्ये भरपूर. नव्या वॉर्डरोबच्या खणात सगळ्यात जास्त. बाहेरून चकचकीत लॅमिनेट, आतून उघडा बोर्ड. त्यात सुकटीचा वास नको म्हणून निलेशने खिडकी कायमची बंद ठेवलेली. मला सासू-सून दोघींचं वाईट वाटलं.

रिपोर्ट इंग्रजीत होता. "माज्या सुकटीचं काय लिवलंय?" मावशींनी विचारलं.

"संबंध नाही."

"मंग मराठीत वाचा. मोठ्यानं. तो आत हाय."

मी वाचलं. निलेश बाहेर आला. त्याच आठवड्यात वॉर्डरोब गेला, खिडकी उघडली. महिन्याभराने प्राची परतली. खोकला पुन्हा लागला नाही, असं कळलं.

हल्ली मी फोनवरच सांगतो: मी येणार म्हणून घर पुसू नका. आणि ज्याचा वास येतो, त्याला मी येण्याआधी घराबाहेर काढू नका.