फोटोच्या कडेची माणसं

विलास मेश्राम गेल्याचा फोन सकाळी सव्वासातला आला, तेव्हा मी प्लँटच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुजातावहिनींचा. "गेला रे," एवढंच म्हणाल्या. गॉलवे या आयरिश शहरातल्या हॉस्पिटलात तीन आठवडे तो यंत्रांवर होता. कवटी दोन ठिकाणी फुटली होती, एक डोळा गेल्यातच जमा होता. त्याला भर रस्त्यात लाथा घालून मारलं होतं, शनिवारी, दुपारी साडेचारला, लख्ख उजेडात. आता त्या शनिवारालाही सहा आठवडे उलटले. या पुरवणीच्या संपादकांनी मला त्याच्यावर लिहायला सांगितलं, कारण इथला त्याचा सगळ्यात जुना मित्र मी. त्यांना हे माहीत नव्हतं की विलासला मारलं तेव्हा मी तिथे होतो… पंधरा-वीस पावलांवर, गाडीत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं ठरेल.

तो नागपूरचा, मी पुण्याचा. कॅथेटर, म्हणजे शरीरात घालायच्या नळ्या, बनवणाऱ्या एकाच प्लँटमध्ये दोघं. तो मशिनं नीट चालतात हे सिद्ध करणारा आणि मी क्वालिटीवाला, म्हणजे चूक झाली की ती कोणाच्या डोळ्यांदेखत झाली ते लिहून घेणारा. इतिहासाशी त्याचा संबंध दहावीपुरता. मग कंपनीने त्याला सहा महिने अमेरिकेच्या दक्षिणेत पाठवलं आणि गडी परत आला तो दोन बॅगा भरून झेरॉक्स घेऊन. लोक चॉकलेटं आणतात, याने पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती आणल्या. पाठीवर चाबकाचे वळ, डाव्या कानाचा तुकडा कापलेला, अशा खुणा त्या जाहिरातींत हरवलेल्या गाईच्या वर्णनासारख्या लिहिलेल्या असत. पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आणि दफ्तरखान्यांनी शिक्षकांसाठी फुकट ठेवलेले कागद त्याने धुंडाळले, उन्हाळ्यात शिक्षकांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही केला. त्या वर्गात सगळे शाळामास्तर आणि हा एकटा कॅथेटरवाला. एकदा बॉल्सब्रिजच्या अमेरिकन वकिलातीतून त्याला पेटीभर पोस्टरं मिळाली. सगळी चंद्रावरची आणि राष्ट्राध्यक्षांची. ती त्याने घरच्या संडासात लावली.

इथल्या बारावीला, लिव्हिंग सर्टला, इतिहासात अमेरिकेचा एक भाग असतो. तेवढ्या निमित्ताने विलासने दर शनिवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू केला. आपली मुलं यायची, आयरिश यायची, दोन नायजेरियन बहिणी यायच्या. पुस्तक नाही, व्याख्यान नाही. प्रत्येक कागदाला तो प्लँटमधल्यासारखी चिठ्ठी लावायचा. हा कागद कोणी केला, कोणासाठी केला, प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिला की ऐकीव, आणि खाली तपासणाऱ्या मुलाची सही. मी त्याला चिडवायचो की आता गुलामगिरीलाही एक्स्पायरी डेट लाव. तो म्हणायचा, लावली असती, पण माल अजून बाजारात आहे.

माझी मुलगी ईरा, वय पंधरा, त्याची लाडकी. गेल्या वसंतात तिने घरी एक चित्र आणलं आणि आमचं भांडण झालं. झाडाला लटकवलेला, जाळलेला एक काळा माणूस आणि भोवती जत्रेला जमावी तशी गर्दी. असे फोटो तेव्हा पोस्टकार्डावर छापून नातेवाइकांना धाडत. विलासने मधल्या माणसावर जाड कागद चिकटवला होता. दिसत होती फक्त गर्दी. टोपी नीट करणारा, हसणारा, खांद्यावर पोरगी घेतलेला. मी तणतणत त्याच्या घरी गेलो. पोरांना हे कशाला दाखवतोस, आम्ही इतक्या लांब काय हेच बघायला आलो का, वगैरे. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "त्याला बघायला तेव्हा पुष्कळ लोक आले होते, नितीन. आपण अजून गर्दी नाही करायची. आपण गर्दीला बघायचं." मुलं घाबरतील म्हटलं, तर म्हणाला, "मुलं नाही घाबरून राहिली बे. तू घाबरून राहिला." आणि मग, बारा वर्षांत पहिल्यांदा, त्याने आजोबांचं सांगितलं. त्यांना गावाने चावडीपुढे बैलाच्या दोराने बांधून मारलं होतं. गुन्हा एवढाच की मुलाच्या वरातीत बँड लावला. कमरेचं हाड मोडलं, उरलेलं आयुष्य ते सरपटत चालले. सगळं गाव बघत होतं. "आमच्याकडे त्याचा फोटोच नाही," विलास म्हणाला. "त्यांच्याकडे आहे. म्हणून त्यांचा शिकवतो." माझ्यासारख्या पेठेतल्या माणसाने ते ऐकलं आणि दाराशी जाऊन बूट चढवले. घरी येऊन ईराचं नाव वर्गातून काढलं. याची आज मला लाज वाटते.

त्या शनिवारी मी किराणा घेऊन परतत होतो. सिग्नल लाल होता. समोरच्या फुटपाथवर विलास, हाताशी कागदांची चाकांची बॅग. पाच जण त्याच्या आडवे आले. आधी हसले, मग एकाने बॅगेला लाथ घातली. विलास वाकून बॅग उचलायला गेला, तेव्हा पिवळ्या जॅकेटवाल्याने हातातली हर्ली, म्हणजे इथल्या खेळातली लाकडी काठी, त्याच्या डोक्यात हाणली. तो गुडघ्यांवर आला. मग सगळेच तुटून पडले. बरगड्या, तोंड, पुन्हा तोंड. बॅग फुटून कागद रस्त्यावर पसरले आणि त्यांच्यावर बूट नाचत होते. लोक थांबले होते, त्यांच्या हातांत फोन होते. मला वाटलं, कोणीतरी पोलिसांना लावतच असेल. ते शूटिंग करत होते. मी काय केलं, तर दारांचं लॉक दाबलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला आणि मी गाडी पुढे घेतली.

घरी जाऊन मी दूध फ्रीजमध्ये ठेवलं. संध्याकाळी बातमी आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हादरलो, म्हणजे तसं दाखवलं. व्हिडिओ इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फिरत होता, पण तो सुरू होतो तेव्हा विलास खाली पडलेला आहे. काठी दिसत नाही. गार्डांनी, इथल्या पोलिसांनी, पाच जणांना धरलं, पण पहिला घाव कोणाचा ते पाहणारा माणूस त्यांना हवा होता. ते रेडिओवर रोज तेच आवाहन करत होते. कारखान्यात अशी नोंद चोवीस तासांत झाली नाही तर मी लोकांना फाडून खातो. आणि मी तीन आठवडे गप्प. सिटिझनशिपचा अर्ज पडून होता, कोर्टाची भीती होती, मारणाऱ्या पोरांना आमचं घर कळेल ही भीती होती. आणि सगळ्यात मोठी भीती होती सुजातावहिनींची. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्या मला म्हणाल्या होत्या, "आपलं कोणीच नव्हतं रे तिथे." मी सफरचंदांची पिशवी त्यांच्या हातात दिली.

विलास गेल्यानंतरच्या शनिवारी मुलं आपण होऊन लायब्ररीत जमली. ईराला सोडायला गेलो तो मागच्या खुर्चीत बसून राहिलो. मुलांनी ठरवलं होतं, काकांच्या पद्धतीने तो व्हिडिओ तपासायचा. ईराने भिंतीवरच्या पडद्याच्या मधोमध मोठा पांढरा कागद लावला आणि चित्र थांबवत थांबवत मुलं कडा वाचू लागली. बाबागाडीवाली बाई, तिने तोंड फिरवलं. चिप्स खाणारा माणूस, त्याने खाणं थांबवलं नाही. थांबलेल्या गाड्या. प्रत्येकासाठी फळ्यावर एक ओळ आणि पुढे एकाच प्रश्नाचा रिकामा चौकोन, याने नंतर काय केलं? ईरा गाड्यांपाशी आली आणि तिचा हात थांबला. एका गाडीच्या मागच्या काचेवर मंडळाचा गणपतीचा स्टिकर होता. तिने ती ओळ लिहिली, 'करडी गाडी', आणि व्हिडिओच्या पुढच्या चित्राकडे वळली.

परत येताना ती मागे बसली. घराच्या दारात म्हणाली, "बाबा, दॅट वॉज अवर कार."

"हो."

"डिड यू नो इट वॉज हिम?"

"हो."

ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आय लेफ्ट द बॉक्स एम्प्टी." आणि आत निघून गेली.

मी इंजिन बंद केलंच नव्हतं. तसाच पोलीस स्टेशनात गेलो. तिथला तरुण गार्डा माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "यू आर ग्रँड, टेक युअर टाइम." मी ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत ठीकठाक, नव्हतो, पण सगळं लिहून दिलं. काठी, पिवळं जॅकेट, कुठल्या हाताने, किती वेळा. तीन आठवडे गप्प का बसलो तेही लिहिलं आणि खाली सही केली. खटला उभा राहील तेव्हा मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असेन. त्याची आता भीती वाटत नाही असं म्हणणार नाही, वाटते.

तिथून सुजातावहिनींकडे गेलो. विलासच्या खोलीत, भिंतभर फायलींच्या मध्ये, त्या टेबलावर कागदांना इस्त्री करत होत्या. लायब्ररीतल्या बाईंनी रस्त्यावरून वेचून आणलेले ते कागद, भिजून सुरकुतलेले, चिखलाचे. वर सुती ओढणी टाकून एकेक सपाट करायच्या, कोपऱ्यातली विलासची चिठ्ठी वाचायच्या आणि फायलीत लावायच्या. बुटांचे ठसे काही जात नव्हते. मी उभ्या उभ्या सांगितलं, सगळं, लॉक दाबल्याचंही. मला वाटलं त्या हाकलतील. हाकलायलाच हवं होतं.

त्यांनी वर न बघता विचारलं, "पडायच्या आधी काही बोलला का तो?"

"काचा वर होत्या, वहिनी. ऐकू नाही आलं."

"तोंड हललं का त्याचं?"

हे मी गार्डांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं… आणि मी सांगितलं नव्हतं.

"हललं," मी म्हणालो. "माझ्याकडे बघून."

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्यासाठी समोरची खुर्ची ओढली. "बस," म्हणाल्या. "कसं हललं, ते करून दाखव मला."