उजवा कौल पडेपर्यंत

“ओव्हरीला गाठ आहे. चांगली मोसंब्याएवढी,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सोनोग्राफीची काळी फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरली. मला त्यात काहीच कळलं नाही. खराब टीव्हीवर दिसतं तसं काहीतरी दिसत होतं.

१९९९ सालची गोष्ट. नुकतंच गणपतीविसर्जन झालं होतं. मी शेहेचाळीस वर्षांची. काही दिवसांपासून पोट जड वाटायचं, निऱ्या खोचताना आवळल्यासारखं व्हायचं, आणि मोदक अंगी लागले अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. तुमच्यापैकी कोणी अशीच समजूत घालून घेत असेल, तर आधी सोनोग्राफी करून या. दुखत नाही, फक्त पाणी पिऊन पिऊन जीव नकोसा होतो.

ओव्हरी म्हणजे बीजांडकोश. गाठ साधी की कॅन्सरची, ते ती काढून बायॉप्सी केल्यावर कळणार होतं. बायॉप्सी म्हणजे काढलेला भाग तपासणीला पाठवणं. शिवाय अशा गाठीच्या देठाला कधीकधी पीळ पडतो. त्याला टॉर्शन म्हणतात, आणि तो पडला तर सगळ्यांचीच धावपळ होते.

“लांबवू नका,” बाई म्हणाल्या. “याच आठवड्यात घेऊ. गर्भपिशवीही काढावी लागेल, तेव्हा मिस्टरांची सही लागेल.”

आमचे हे शेजारच्या खुर्चीवर बसले होते. नाव विनायक, आयटीआयमध्ये वायरमनच्या कोर्सला शिकवायचे. त्यांनी “बरं” एवढंच म्हटलं. घरी येताना रिक्षात ते माझा हात धरून बसले होते, आणि मला वाटलं, चला, माणूस बरोबर आहे.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. देव आहे असं मला लहानपणापासून कधी वाटलंच नाही. मी कोर्टात स्टेनो. ईश्वराची शपथ घेऊन माणसं किती सफाईने खोटं बोलतात, ते मी वर्षानुवर्षं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं आहे. पण मी नास्तिकपणाचा झेंडा कधी मिरवला नाही. उलट डबा खाताना मैत्रिणींना सांगायचे, देवाचं वेड वाईट, पण थोडासा देव समाजाला बराच असतो. आमटीत मीठ घालतो तसा, बेताचा. त्या निमित्ताने माणसं एकत्र येतात, अडीनडीला धावतात.

आणि बेताच्या देवाचं उदाहरण म्हणून मी आमच्या यांनाच पुढे करायचे. सकाळी आंघोळ झाली की दोन फुलं, एक उदबत्ती, की निघाले कामाला. उपास नाही, सोवळं नाही, मी हात जोडावेत असा आग्रह नाही. देवावरून आमचं कधी वाजलं नव्हतं.

रविवारी हे जयगडच्या बाजूला, आमच्या गावी जाऊन आले. भावाला सांगायला गेले असतील असं मला वाटलं. संध्याकाळी आले, पाय धुतले आणि चहा घेता घेता म्हणाले, “डावा पडला. आत्ता नको करूया.”

काय डावा पडला, ते मला आधी समजलंच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. हे ग्रामदेवतेला कौल लावून आले होते. आमच्याकडे देवीच्या पाषाणावर दोन बाजूंना पाण्यात भिजवलेल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घर बांधताना लावला होता, पुतणीच्या लग्नात लावला होता. मी दर वेळी हसून प्रसादाचं खोबरं खाल्लं होतं.

“मला न विचारता गेलात?”

“विचारायचं काय त्यात? मोठं काम आपण विचारूनच करतो.”

“आणि सही?”

“देवी नको म्हणत्येय तर सही कशी करू, सुमन?”

आवाज चढला नव्हता. चिडले असते तर मीही भांडले असते. पण हे इतक्या शांतपणे बोलले की मी हादरले. पंचवीस वर्षं मी ज्याला मीठ समजत होते ते भलतंच काहीतरी होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. आपल्या पोटातल्या गाठीचा निकाल एका ओल्या कळीने लावला, आणि तो आपल्या नवऱ्याला पटला, हे मला काही केल्या पचेना.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दवाखान्यात गेले. वाटलं, बाई चिडतील, यांना बोलावून घेऊन चार शब्द सुनावतील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“माझे निम्मे पेशंट विचारूनच येतात हो. पितृपक्षात तर माझं थिएटर रिकामंच असतं. तुम्ही उजवा घेऊन या, मी थांबते. पण फार नाही.”

“मी करते ना सही. पोट माझं आहे.”

“तुम्ही केलीत तरी मिस्टरांची पाहिजे. उद्या कमी-जास्त झालं तर नातेवाईक माझ्या काचा फोडतील.”

हा दुसरा धक्का. मला वाटलं होतं, दवाखान्याच्या पायरीपाशी तरी ही भानगड संपेल. इतकं शिकलेली डॉक्टर आणि कौल लावणारा गावचा गुरव मिळून माझ्या ऑपरेशनची तारीख ठरवत होते, आणि दोघांपैकी कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. वाचणाऱ्या बायकांसाठी सांगते, सज्ञान बाईची स्वतःची सही कायद्याने पुरते. कोर्टात नोकरी करूनही मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर एका वकिलांनी सांगितलं, तेही हसत.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी घरी कपडे वाळत घालत होते आणि ओटीपोटात अशी कळ आली की मी तिथेच बसले. आम्ही राहायचो त्या मांडवीत आमच्या भिंतीला लागून हमीदाचं घर. तिचा नवरा कुवेतला. तिने मला पाहिलं, रिक्षा बोलावली आणि ओढणी सावरत माझ्याबरोबर बसलीसुद्धा. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर कळ ओसरली. “पीळ पडायला लागला होता, सुटला,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी सुटेलच असं नाही. मिस्टरांची सही तेवढी लवकर आणा.”

बाकावर पडल्या पडल्या मी हमीदाला सगळं सांगितलं. ती पाच वेळा नमाज पढणारी. मी विचारलं, “तू विचारतेस का कोणाला असं?”

“मी दुआ मागते. दुआ मागायला कोनाची सही लागत नाय,” ती म्हणाली. “माझी नमाज माझ्यापुरती. तुमच्या पोटाचा फैसला तिच्यात कशाला आणू?”

“अशी श्रद्धा असेल तर माझी काही हरकत नाही बघ.”

“तुमची हरकत इचारतंय कोन, वहिनी?”

मी हसले, आणि हसल्यावर पोट दुखलं. पण त्या दिवसांत मला जे काही सुचलं, ते त्या बाकावरच सुचलं. माणूस किती वेळ पूजा करतो यावरून त्याची श्रद्धा बेताची की जास्त हे ठरत नाही. तिची किंमत कोणाला मोजावी लागते, त्यावरून ठरतं.

मुंबईला भावाकडे जावं असंही मनात आलं. पण एवढ्या प्रवासात पीळ पडला असता तर आटोपलंच होतं. सगळ्यात जवळचा रस्ता देवीचाच होता. मी यांना म्हटलं, “चला गावी. माझ्यासमोर परत लावा.” हे लगेच तयार झाले.

गुरव म्हातारा, किडकिडीत. त्याने कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. “बाय माझे आये, तुझ्या लेकीच्या पोटात दुकना हाय. डाक्टराच्या हातून ता काडायचा हाय. तुजा व्हकार आसल तर उजवी दे.”

आणि मग वाट पाहणं. ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा मी इतकी घाबरले नाही. देवी आहे की नाही, याने त्या वेळी काही फरक पडत नव्हता. माझा जीव खरोखरच त्या कळीवर टांगलेला होता, कारण माझा नवरा तिचं ऐकणार होता. जन्मभर ज्याला मी खोटं म्हणत आले त्यालाच पड, पड म्हणून मी मनातल्या मनात विनवत होते. मला स्वतःची शरम वाटली, रागही आला, पण नजर काही हलेना.

उजवी पडली. यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गुरवाने ओली फुलं गोळा केली आणि सहज बोलावं तसा म्हणाला, “दिली आयेनं. त्या दिवशीच मी बोललो व्हतो, परत लावूया, येका टायमात काय समजत नाय. तर हेच बोलले, नको, उमजला मला.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे चपला शोधत होते.

सही झाली, ऑपरेशन झालं. गावच्या भजनी मंडळातल्या दोघांनी येऊन रक्त दिलं. टाके निघेपर्यंत शेजारणींनी डबे पुरवले. हमीदाने आणलेलं सूप मला सगळ्यात आवडलं. बायॉप्सीत गाठ बॉर्डरलाइन निघाली, म्हणजे पुरती कॅन्सरची नाही आणि पुरती साधीही नाही. बाई म्हणाल्या, वेळेवर निघाली, आता फक्त तपासण्या करत राहायचं. भेटायला येणारा प्रत्येक जण देवीची कृपा म्हणत होता. तिच्याच नावाने आधी थांबवलं होतं, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

मला नवल याचं वाटतं, की यातला एकेकटा कोणीच कट्टर नव्हता. नवरा नाही, डॉक्टर नाही, गुरव तर नाहीच नाही. प्रत्येकाने फक्त दुसऱ्याच्या श्रद्धेला मान दिला, आणि तेवढ्यात माझा पीळ आवळत होता. रक्त देणारे आणि डबे आणणारेही हेच लोक होते. त्यामुळे थोडासा देव समाजाला बरा का, असं आता कोणी विचारलं तर पूर्वीसारखं चटकन उत्तर देता येत नाही. मी विचारते, सही कोणाची आहे?

ऑपरेशननंतर मला जेवायची परवानगी मिळाली त्या दुपारी हे घरून पेज घेऊन आले. वॉर्डात दोनच खाटा, दुसरी रिकामी. मी विचारलं, “त्या दिवशी परत का नाही लावलात कौल? तो लावतो म्हणत होता.”

हे पेज ढवळायला लागले.

“माझी आई टेबलावरच गेली, सुमन. सकाळी माझ्याशी बोलून आत गेली होती. तू पण तशीच... मला नकोच होतं ते ऑपरेशन. पण नको म्हणायचं कसं? देवी नको म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं.”

सासूबाई ऑपरेशनमध्ये गेल्या हे मला माहीत होतं. पण हे त्याबद्दल पंचवीस वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते. कौलाचा बसला नव्हता एवढा धक्का मला याचा बसला. म्हणजे माझ्या वाटेत देवी कधी आलीच नव्हती. एक घाबरलेला माणूस तिच्या मागे लपला होता, आणि आम्ही सगळे नास्तिक-आस्तिक तिच्याशीच भांडत बसलो होतो. मला रडू आलं. टाके दुखत होते, तरी आवरेना. हेही रडले, आणि पेज गार झाली.

माझ्यासारखी वेळ तुमच्यावर आली, तर घरातल्या माणसाला देवाबद्दल नंतर बोला. आधी विचारा, तुम्हाला भीती कशाची वाटते?

वर्षं झाली या गोष्टीला. डॉक्टरबाईंचे, हमीदाचे आणि रक्त देणाऱ्या त्या दोघांचे माझ्यावर उपकार आहेत. हे अजूनही सकाळी दोन फुलं वाहतात आणि मी अजूनही हात जोडत नाही. गेल्या तपासणीत सोनोग्राफीत काहीतरी बारीकसं दिसलं. पुढे ते काहीच नाही असं निघालं, पण त्या दिवशी बाई थोड्या गंभीर झाल्या होत्या. “परत उघडून बघावं लागेल कदाचित,” त्या म्हणाल्या. “काही विचारायचंय?”

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “सही ती करेल. मला फार भीती वाटत्येय, डॉक्टर. मी इथे थोडा वेळ बसू का?”

बाईंनी नर्सला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि यांच्यासाठी पाणी मागवलं.