पुढच्या शॉकअपच्या दाक्षायणी अक्का

मी सहजासहजी कुणाला मानणारा माणूस नाही. आमच्या कॉलेजात नवा प्राचार्य आला तरी लॅबमध्ये बसून मी आधी त्याच्या चुका काढतो. पण भवानी पेठेतल्या दाक्षायणी अक्कांपुढं आपण गप. सरळ हात जोडतो.

अक्का अठ्ठावन्न वर्षांच्या. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागांचे फिटर. मागावरचं सूत सैल आहे की ताठ, हे ही पोरगी नुसतं बोट फिरवून सांगायची म्हणे. लग्न होऊन चनबसप्पांच्या गॅरेजात आल्या. चनबसप्पा इंजिनवाले. एका वर्षी त्यांची कंबर धरली, तेव्हा पुढच्या शॉकअपची कामं अक्कांनी उरकली, आणि नंतर ती त्यांच्याकडून परत घ्यायची कुणाची छाती झाली नाही. आज अक्कलकोट ते पंढरपूर, कुठून कुठून लोक गाड्या घेऊन येतात. आणि गंमत बघा, अक्कांना स्वतःला गाडी चालवता येत नाही.

माझी गाडी दोन हजार नऊची, लाल, पुढं वाकून चालवायची स्पोर्ट बाइक. दोन वर्षांमागं बायकोला, शिवलीलाला, मागं बसवून श्रीपूरला सासरवाडीला निघालो होतो. उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी. मी पुढचा ब्रेक आवळला, गाडीनं नाक खाली घातलं आणि दोघंही आडवे. मला नुसतं खरचटलं, तिचं खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती माझ्या मागं बसली नाही. माहेरी एसटीनं जाते, शाळेत शिकवायला रिक्षानं. भांडली असती तर परवडलं असतं, पण ती काही बोलायचीच नाही. मी मात्र गावभर सांगत सुटलो, शॉकअप म्हातारा झालाय, सगळा दोष त्याचा. तो सुधारला की ती बसेल, एवढीच आशा होती मला.

म्हणून पुण्याहून जाड तारेच्या स्प्रिंगा मागवल्या आणि अक्कांकडं गेलो. "बर्री, कुड्री," असं कानडीत या-बसा म्हणत त्यांनी स्टूल पुढं केलं. मी बसल्या बसल्या नेटवर वाचलेलं सगळं ज्ञान पाजळलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मग शॉकअपच्या चकचकीत नळीवर, खालच्या रबरी सीलला टेकवून, सुताचा एक दोरा बांधला.

"त्या नव्या काँक्रीट रस्त्यानं जावा. तीनदा जोरात ब्रेक मारा आन् या. शॉकअप जेवडा दबंल तेवडा दोरा वर सरकतोय."

गेलो, मारले, आलो. अक्का वाकल्या. दोरा जेमतेम बोटभर वर गेला होता. त्यांनी तळहात आधी पुढच्या डिस्कजवळ नेला, मग मागच्या चाकाजवळ.

"मागचं तापलंय. पुढची डिस्क गार हाय, मालक. पुढच्या ब्रेकला तुमी हातच लावत न्हाई की."

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं गाडी चालवतोय, म्हटलं, आणि तुम्ही मला शिकवता? अक्का फडक्याला हात पुसत माझ्याकडं बघत राहिल्या. खरं होतं ते. पडल्यापासून त्या ब्रेकवर बोट गेलं की छातीत धडधडायचं. ही गोष्ट मी माझ्याशीसुद्धा कबूल केली नव्हती, आणि या बाईनं ती सुताच्या तुकड्यावरून वाचली.

"शॉकअप पन दमलाय," म्हणत त्यांनी तो उघडला. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगेशेजारी ठेवली. बोटभर आखूड. "दोष दोगांचा हाय. आता सांगा, मागं कोन बसतं?"

"कुणी नाही."

"कोन बसावं असं वाटतंय?"

मी फोन केला. शाळा सुटल्यावर शिवलीला आली. अक्कांनी तोवर नव्या स्प्रिंगा घालून ठेवल्या होत्या. "दोगांचं वजन पडल्याबिगर माप खोटं, बाई," असं तिला समजावून त्यांनी आम्हाला उभ्या गाडीवर बसवलं. शिवलीलानं मागची दांडी धरली, माझ्या खांद्याला हात लावला नाही. शॉकअप किती दबतो ते अक्कांनी पट्टीनं दोनदा मोजलं, आम्हाला उतरवलं, स्प्रिंगेचा ताण मापात यावा म्हणून तिच्यावरचा नळीचा तुकडा करवतीनं एवढासा कापला, दोन्हीकडं तेलाची पातळी सारखी केली. मग डोळे मिटून हँडल दाबलं. पुढचा भाग भरल्या उशीसारखा दबला आणि सावकाश वर आला.

"आता जावा."

मी गाडी चालू केली आणि तसाच बसून राहिलो. पुढं जायचं धाडसच होईना.

अक्कांनी पदर खोचला, चनबसप्पांचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि माझ्या मागं बसल्या. आपल्या कामाच्या भरवशावर अशी हाडं पणाला लावणारा मेकॅनिक मी जन्मात पाहिला नव्हता. रस्त्याला लागल्यावर त्यांनी खांद्यावर थाप मारली. "दोन बोटांनी. दाबा." दाबला. गाडी जराशी वाकली आणि पाय रोवून उभी राहिली. पुन्हा दाबला, पुन्हा उभी राहिली. तिसऱ्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हेल्मेटमुळं कुणाला दिसलं नाही.

परतलो, दोन बोटांनी पुढचा ब्रेक दाबून गाडी थांबवली, तेव्हा शिवलीला गॅरेजच्या दारातच होती. मी उत्साहानं सुरुवात केली, "शॉकअप आता एकदम..."

"शॉकअपचं नका सांगू मला," ती म्हणाली. "पडायची भीती मला कधीच नव्हती. पडल्यापासून तुम्ही पुढच्या ब्रेकला बोट लावत नव्हता. रोज तुम्ही घराच्या फाटकातून आत येताना बघत होते मी. भ्यालेल्या माणसामागं कसं बसायचं? म्हणून बसत नव्हते."

तिनं अक्कांसमोर हात पसरून हेल्मेट मागितलं.