गॅलरीतला तडा

यंत्र गप्प झालं की माझा जीव वरखाली होतो. पूल, पाण्याच्या टाक्या, जुन्या इमारती यांच्या तड्यांवर वायरलेस सेन्सर बसवायचे, हे माझं काम. काडेपेटीएवढी डबी असते. तडा केसभर रुंदावला तरी माझ्या फोनवर आकडा वाढतो.

पांढुर्ण्याला माझ्या माहेरी, वरच्या मजल्याला जाम नदीकडे तोंड करून एक गॅलरी आहे. खाली खांब नाही, नुसती भिंतीतून पुढे काढलेली. आईचा पाय लकव्याने गेल्यापासून ती जिना उतरलेली नाही. सकाळी चहा झाला की तिची खुर्ची गॅलरीत, ती दिवेलागणीपर्यंत. तिथे भिंतीलगत फरशीला तडा दिसला तेव्हा मी न विचारता एक डबी चिकटवून टाकली.

"तड्यानं घर पडत असतं तं अर्धं पांढुर्णा नदीत गेलं असतं," बाबा म्हणाले. बाबा निवृत्त मास्तर. त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सौंसरला, सासरी होते. गोटमारीचा दिवस. पलीकडून सावरगाववाले, अलीकडून आमचे, एकमेकांवर गोटे मारणार; नदीत मधोमध झेंडा बांधलेलं पळसाचं झाड, झेंडा तोडेल ते गाव जिंकलं, आणि काठावरच्या गॅलऱ्यांमधून पाहुणे. सकाळी फोनवरचा आकडा चढायला लागला. मग यायचाच थांबला. बाबांना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. पोळी तव्यावर जळली तरी माझं लक्ष नव्हतं.

"नेटवर्क नसन," नवरा म्हणाला. "किती गर्दी हाये आज तिथं."

असेलही. पण थांबण्याआधी आकडा चढत होता. मी स्कूटर काढली. वाटेत दोनदा थांबून फोन पाहिला आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चिडले.

पोलिसांनी चौकातच अडवलं. गाडी तिथेच टाकून मी बोळाबोळातून पळत घर गाठलं. वर गेले तर गॅलरी खच्चून भरलेली, आईची खुर्ची मधोमध अडकलेली, आणि भिंतीजवळ तेलाचा रिकामा पिपा उपडा ठेवलेला. त्यावर गोणपाट.

"हे काय हो बाबा?"

"तुयी डबी झाकली ना! एखादा गोटा आला तं फुटन," बाबा कौतुकाने म्हणाले.

पाहुण्यांच्या डोक्यात गोटा बसला तर चालेल, लेकीच्या यंत्राला धक्का लागता कामा नये! पत्र्याच्या पिप्यातून सिग्नल बाहेर जात नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी पिपा उचलून बाजूला भिरकावला. फोन लगेच ओरडायला लागला. आकडा सकाळपेक्षा कितीतरी वर गेला होता.

"सगळे आत चला. एकेक जण. हळू."

"पाहुण्याले असं उठवतेत का?" बाबा माझ्यावर धावून आले.

"हो, उठवतात!" मी ओरडले. मला रडू येत होतं, म्हणून आणखी मोठ्याने ओरडले.

पाहुणे तोंड वाकडं करत उठले. माणूस आत आला की आकडा थोडा उतरे. मी फोन बाबांच्या नाकासमोर धरला. मग तेही पाहुण्यांना हात देऊन आत घेऊ लागले. वाट मोकळी झाल्यावर आम्ही दोघांनी आईला खुर्चीसकट उचलून आत आणलं. आकडा उतरला, पण पहिल्या जागी काही गेला नाही. बाबांनी गॅलरीचं दार लावून कडी घातली.

"मले माहीत होतं," आई म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"फरशी कलून राहिली थे. संक्रांतीपासून. खाली संत्रं ठेवलं का आपोआप कठड्याकडं जाये."

"मग सांगितलं काऊन नाही, आई?"

"सांगतलं असतं तं तुमी मले आत आणून बसवलं असतं."

बाहेर एकदम मोठा गलका उठला. कोणीतरी झाडावरचा झेंडा तोडला असावा. आई खुर्चीतून पुढे वाकली. "पाह्य ना बाई, कोणी तोडला?"

दाराची कडी काढायला ना बाबा उठले, ना मी.