लिंबांची खोली

फोन वाजला तेव्हा मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन येत होते. एका हातात दूध, एका हातात ओवी, आणि तिचा एक जँडल, इथली रबरी चप्पल, मागे रस्त्यात निसटलेला. नंबर अनोळखी होता. अनोळखी नंबर म्हणजे इंग्लिश बोलावं लागणार, म्हणून असले फोन मी कधी उचलत नाही, ते ताई बघायच्या. परत वाजला तेव्हा उचलला. माझे मोठे दीर, दादा, कुणाच्या तरी फोनवरून बोलत होते. "वैशाली, शुभदा ऑफिसात कोसळली गं… राहिली नाही." मी रस्त्यातच उभी. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता हे फोन कोण उचलणार…

शुभदाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. पुण्याच्या, इंजिनिअर, पेनरोजला ऑफिस, गाडी स्वतः चालवणार, कुणाशी बोलताना आवाज कधी खाली नाही. मी श्रीगोंद्याची, दहावीला शाळा सुटली, लग्न झालं आणि थेट ऑकलंड. हिल्सबरोला वर त्यांचं घर, खाली आमच्या दोन खोल्या, अंगण दोघींचं एक. आमचे हे ईस्ट टामाकीला वेअरहाउसमध्ये शिफ्टला, म्हणजे दिवसभर मी आणि पोरगी. आणि ताई काय करायच्या, तर वर्ष-दोन वर्षांनी बॅग भरून इटलीला जायच्या. देवदर्शनाला नाही, खरेदीला नाही, बागा बघायला! जुन्या सरदार-जमीनदारांच्या कोठ्या असतात तिथं, व्हिला म्हणतात, त्यांच्यापुढच्या बागा. झाडं कातरून भिंतीसारखी केलेली, वाफे फूटपट्टीनं आखल्यासारखे, मधोमध कारंजं. आल्या की सोफ्यावर पाय वर घेऊन फोटो दाखवायच्या, आणि मी खाली बसून ओवीचे कपडे घडी घालत "हो का, छान आहे" म्हणायची. घडी घालता घालता नुसती जळायची मी. बागेसाठी नाही हो. बाई एकटी जाते, एकटी फिरते, एकटी कॉफी पिते, आणि तिला भीती कशाचीच वाटत नाही, यासाठी.

मग एकदा दादांना सुट्टी मिळेना, आणि ताई खाली येऊन दारातच म्हणाल्या, "वैशू, तू चल. ओवीला पण घे." मला विमानाची भीती, लिफ्टची भीती, पोरीला ताप येईल ही भीती, पण मी हो म्हणाले. का म्हणाले सांगू? एकदा बघायचंच होतं मला, काय आहे तिथं एवढं.

फ्लोरेन्सच्या बाहेर टेकडीवरचा व्हिला होता. मला वाटलेलं बाग म्हणजे सपाट, पेशवे पार्कसारखी… आणि इथं पायऱ्याच पायऱ्या. एक टप्पा चढा, तिथं बाग, परत चढा, तिथं दुसरी बाग. ओवी दीड वर्षाची, माझ्या कडेवर, मला धाप लागलेली, आणि ताई पुढे हात मागे बांधून, जणू यांच्याच सासऱ्यांची वास्तू. वरती एक गुहा होती, मुद्दाम बांधलेली, शिंपल्यांनी मढवलेली, आत दगडाचा दाढीवाला देव, पायाशी पाणी. मी जँडल बाहेर काढले. आत जाऊन ओवीचे हात जोडले, "जय कर बाप्पाला," आणि तेवढ्यात खालच्या फरशीतून सर्रकन पाणी उडालं, इकडून, तिकडून, भिंतीतून पण! मी किंचाळलेच. मला वाटलं काहीतरी फुटलं, नाहीतर आपल्या हातून विटाळ झाला. ओवी घाबरून ताणून रडायला लागली. बाहेर एक म्हातारा माळी नळाच्या चाकावर हात ठेवून हसतोय. पूर्वीच्या मालकांची खोडी ती, पाहुण्यांना भिजवायची, अजून चालू ठेवलीय.

"अगं वैशू, तो नदीचा देव आहे! नवसाचा नाही!" ताई हसून हसून वाकल्या होत्या. आणि मग काय केलं त्यांनी, स्वतःचे चांगले बूट काढले, बाहेर माझ्या जँडलांच्या शेजारी नीट लावले, आत आल्या, ओवीला माझ्याकडून घेतलं आणि त्या पाण्यात गोल गोल फिरायला लागल्या. ओवी गप्प झाली. मग हसली. मोठ्यानं, पोट धरून हसावं तशी. माझ्याकडे रडणारी पोरगी त्यांच्या कडेवर हसत होती आणि मी ओल्या साडीत अनवाणी उभी… तो माळी ओवीकडे बघून ताईंना काहीतरी म्हणाला. ताईंनी मान हलवली, माझ्याकडे बोट केलं. मला भाषा कळली नाही पण बोट कळलं. त्याला वाटलं होतं, आई त्या आहेत.

कपडे वाळेपर्यंत आम्ही उन्हात बसलो. हिवाळ्याच्या तोंडाशी तिथली माणसं लिंबाच्या मोठमोठ्या कुंड्या बुटक्या गाड्यावर घालून आत नेत होती. लिंबांसाठी वेगळी लांबच लांब खोली असते, उंच खिडक्यांची, थंडीभर झाडं तिथं, उन्हाळा आला की परत आपापल्या जागेवर. ताई ओवीला मांडीवर घेऊन बघत होत्या. "बघ, सगळ्या माहेरपणाला निघाल्या." मी वाट बघत होते, आता तरी म्हणतील, वैशू, तुझं बरं आहे बाई, पोटाशी लेकरू आहे. त्यांना मूल नव्हतं, मला वाटायचं आतून झुरत असतील, आणि तेवढं जरी बोलल्या असत्या तरी माझं सगळं फिटलं असतं. नाही बोलल्या. त्यांना खरंच माझा हेवा वाटत नव्हता. समाधानी होत्या हो त्या, लिंबं बघत. मला ते फार लागलं.

परत आल्यावर अंगणात त्यांनी बुटक्या झुडपांचे चौकोन केले, कात्रीनं समान कापलेले, आणि इटलीत कारंजं असतं तिथं मधोमध आपली तुळशीची कुंडी. इथल्या थंडीत तुळस टिकत नाही, सगळ्यांच्या जळतात. ताई थंडी पडली की कुंडी ट्रॉलीवर घालून खाली आमच्या शेजारच्या लाँड्रीत, कपडे धुवायच्या खोलीत, आणायच्या, वॉशिंग मशीनच्या बाजूला, खिडकीत. "तिकडे खिडक्या दक्षिणेला, आपलं ऊन उत्तरेचं, सगळं उलटं," म्हणायच्या. त्या लाँड्रीला त्यांनी नाव ठेवलं, लिंबांची खोली. ट्रॉलीच्या मागे ओवी. किंडीतून, म्हणजे इथल्या बालवाडीतून, आली की आधी वर पळायची, मग माझ्याकडे. माझ्याशी बोलली तर इंग्लिशमध्ये. "ओवी, जेवायला ये." "नॉट हंग्री, मम्मा." मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये मिटवायचं, रोजचं आहे. मला कधी कधी वाटतं ही मोठी होईल आणि मी हिच्या घरात पाहुणी असेन.

ताई गेल्यावर भेटायला आलेली माणसं बागेत उभी राहून म्हणायची, काय हात होता हो शुभदाचा. आमचे हे रडले, मी त्यांना एवढं रडताना कधी बघितलं नाही, आणि चहा गाळताना मला त्याचाही राग आला. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मला होतो. सगळं त्यांच्याकडे आणि भीती तेवढी माझ्याकडे, हे कसलं वाटप…

मागच्या आठवड्यात सकाळी काचेवर दव गोठलेलं दिसलं. दादा तर बागेकडे बघतच नाहीत. तुळशीची वरची पानं काळी पडायला लागलेली. ही माझ्या हातून गेली तर ओवीला कायमचं कळेल, ताई नाहीत म्हणजे काहीच जगत नाही, मम्माला काही येत नाही. ट्रॉली काढली, कुंडी चढवली, दोनदा घसरली, धापा टाकत ओढत आणली. लाँड्रीच्या दारात उंबरा आहे, तिथं चाक अडलं. मी जोर लावतेय आणि आतून ओवी आली, दार धरून उभी राहिली, कमरेवर हात, आणि तुळशीकडे बघून म्हणाली, "या बाई, आत या. बाहेर फार गारठा आहे."

स्पष्ट मराठी. 'गारठा' आमच्या घरात कुणी म्हणत नाही, आम्ही थंडी म्हणतो. शब्द त्यांचा, हेल त्यांचा, कमरेवरचा हात पण त्यांचाच. माझ्या पोरीचं पहिलं सबंध मराठी वाक्य, आणि तेही ताई घेऊन गेल्या.

मी चाक उचललं, कुंडी आत घेतली, खिडकीत लावली. ओवी म्हणाली, "नॉट लाइक दॅट, मम्मा," आणि दोन्ही हातांनी कुंडी ढकलायला लागली. तिला ती हलेना. मग मी पण हात लावला.