फक्त माणसाचा आवाज

आमच्या गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. माझं चष्म्याचं दुकान आणि त्याचं सलून यांच्यामध्ये प्लायवूडची एकच भिंत, तीही वरून हातभर उघडी, त्यामुळे त्याचं बोलणं मला फुकट ऐकावं लागे. सकाळी शटर वर गेलं की तोंडाचा पट्टा सुरू. गिऱ्हाइकाच्या गालांना फेस फासलेला, म्हणजे त्या बिचाऱ्याला उत्तर द्यायचीही सोय नाही, आणि हा आपला त्याच्या सासरच्या भांडणापासून जगातल्या लढायांपर्यंत सगळ्याचा निकाल लावून मोकळा. मी वैतागून भिंतीवर मूठ आपटायचो. मग तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "चष्मेवाले तापले," आणि आवाज आणखी चढवायचा.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायच्या. मोजकं बोलणारी बाई. त्या घरात बोलायचं खातं याच्याकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे, अशी वाटणी लग्नापासूनच झालेली होती. मूलबाळ नाही. संध्याकाळी त्या कामावरून येताना सलूनच्या पायरीशी थांबायच्या, नुसतं म्हणायच्या, "चला आता," आणि रेडिओ वाक्य अर्धवट टाकून दिवे मालवायचा. त्याला गप्प करू शकणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी वहिनींना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण शब्द फुटत नाही. घशातून एक लांबट, घोगरा हुंकार तेवढा निघतो. डावा हात चालतो, त्या हातात स्टीलची वाटी धरून पलंगाच्या लोखंडी दांड्यावर वाजवतात. वाटी म्हणजे तहान आणि हुंकार म्हणजे बाकीचं सगळं, असं नवराबायकोनं ठरवून घेतलं होतं.

सकाळी एक मावशी येऊन त्यांचं अंघोळपाणी करायच्या आणि पुन्हा संध्याकाळी यायच्या. मधला सगळा दिवस वहिनी एकट्या. दुकान बंद ठेवावं तर खायचं काय? पलंग सलूनमध्येच आणून टाक, मागच्या बाजूला पडदा लावू, असं मीच त्याला सुचवलं होतं. त्यानं वहिनींना विचारलं, तर त्यांनी मान अशी हलवली की पुन्हा विषय काढायची छाती झाली नाही. गल्लीनं आपल्याला तसं पाहावं, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. मला तरी त्यात काही चूक दिसली नाही.

मग रेडिओनं स्वतःच एक तोड काढली. दोन जुने फोन. एक वहिनींच्या उशाशी, दुसरा सलूनच्या आरशाखाली, आणि दिवसभर चालू कॉल. त्या फोनमधून काय काय यायचं! घरघर, खरखर, पंख्याचं कुईकुई, शेजारच्या नळाची धार, खालून जाणाऱ्या गाड्या. त्या सगळ्या कचऱ्यातून कधीतरी तो हुंकार यायचा, की हा कात्री टाकून दोन गल्ल्या ओलांडून घरी पळालाच.

आणि तो ऐकू यावा म्हणून रेडिओ गप्प झाला. सलूनमध्ये कोणी बोलायचं नाही, अशी पाटी लावली नाही एवढंच. गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की हा ओठांवर बोट ठेवायचा. केस कापायला येणं आणि मयताला येणं यात फरक राहिला नाही. भिंतीवर मूठ आपटायचं कारणच संपलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या शांततेनं माझं डोकं जास्त दुखायला लागलं.

एकदा केस वाळवायचं मशीन चालू असताना वहिनींना ठसका लागला. घास नव्हे, स्वतःचीच लाळ घशात अडकलेली. याला ऐकूच आलं नाही. मावशी आपली विसरलेली पिशवी न्यायला परत आल्या म्हणून वहिनी वाचल्या. त्या दिवसापासून रेडिओनं केस वाळवायचं मशीन बंद केलं, केस कापायचं मशीनही बंद केलं, नुसत्या कात्रीवर काम. ते करतानाही एक कान त्या फोनला लावलेला. गिऱ्हाइकांच्या कानामागे ओरखडे उठायला लागले. एकेक जण पलीकडच्या चौकातल्या सलूनकडे वळला. हा दिवसेंदिवस वाळत चालला. एका दुपारी माझ्या काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "चष्मेवाले, मला वेड लागेल. त्या खरखरीत मला ती सारखी ऐकू येते. धावत जातो, तर ती झोपलेली असते. आणि खरंच हाक मारेल तेव्हा मी म्हणेन, खरखरच आहे."

"स्पीकर घे," मी म्हटलं. "चांगला. स्वच्छ आवाजाचा."

"तुम्ही चला बरोबर. मला बोलण्यात गुंडाळतील."

रेडिओला बोलण्यात कोण गुंडाळणार, असं वर्षापूर्वी म्हणालो असतो. त्या दिवशी मुकाट्यानं दुकान बंद केलं.

स्पीकरच्या दुकानातली मुलगी हुशार होती. तिनं पहिला डबा लावला, तर धडधड अशी की छातीत वाजायला लागलं, कानाला काही कळेना. "हा समारंभाला ठीक आहे, मला घरात पाहिजे," रेडिओ म्हणाला. दुसऱ्यात बोलणारा माणूस बादलीत तोंड घालून बोलतोय असं वाटत होतं. तिसरा कानाला बरा, पण हातात घेतला तर पाटा उचलल्यासारखा. हा सकाळी घरून दुकानात, दुपारी दुकानातून घरी कसा नेणार? रेडिओ एकेक डबा कानाशी धरून डोळे मिटून ऐकत होता. घड्याळजी जसं घड्याळ ऐकतो तसं. बाकीची गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून हसत होती, आणि त्यांना चार शब्द सुनवावेत असं मला फार वाटलं.

मग त्या मुलीनं विचारलं, "काका, तुम्हाला नक्की ऐकायचं काय आहे? गाणी?"

"घर," तो म्हणाला. "मी कामावर असलो की मला घर ऐकू यायला पाहिजे."

तिनं आतून एक जोडी आणली. तळहातावर मावतील असे दोन गोल डबे, दोघांनाही आपापला माइक. एक घरी ठेवायचा, एक कामावर. "हा सगळ्यात क्लिअर," ती म्हणाली. "मागचा गोंगाट हा स्वतःच गाळून टाकतो. पंखा, गाड्या, भांडी, खरखर, काही म्हणजे काही येत नाही. फक्त माणसाचा आवाज पोचवतो."

"तेच!" रेडिओ जवळजवळ ओरडलाच. "मला पंखा नको, नळ नको. मला फक्त माणूस पाहिजे."

तरीही त्यानं परीक्षा घेतल्याशिवाय घेतला नाही. एक डबा माझ्या हवाली करून मला तिथंच बसवलं, दुसरा घेऊन स्वतः घरी गेला. मावशी संध्याकाळच्या कामाला आल्या होत्या. थोड्या वेळानं माझ्या मांडीवरच्या डब्यातून मावशी बोलल्या, "चष्मेवाले दादा, ऐकू येतंय का? वहिनी जाग्या आहेत. आत्ताच चहा पाजला." मी दचकून मागे पाहिलं. बाई खुर्चीमागे उभी राहून बोलतेय असं वाटलं. तिचा श्वाससुद्धा नाही, नुसते शब्द. रेडिओ परत आला तेव्हा मी म्हटलं, डोळे झाकून घे.

दुसऱ्या दिवशी त्यानं डबा आरशाखाली मांडला आणि सलूनमध्ये अशी शांतता पसरली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खरखर नाही, कुईकुई नाही. मधूनच हा वाकून डब्यावरचा हिरवा दिवा बघायचा. चालू आहे ना? चालू होता. दुपारी जेवायच्या वेळी घरी जाऊन वहिनींना भरवून आला. "मजेत आहे," म्हणाला. "तिलासुद्धा बरं वाटलं असणार, उशाशी ती खरखर नाही."

त्या दुपारी रेडिओ बोलायला लागला. आधी हळू, मग जरा वर, मग पूर्वीसारखा. केस कापायचं मशीन काढलं, तेल घातलं, फिरवलं. फिरलेल्या गिऱ्हाइकांपैकी दोघे आवाज ऐकून आत डोकावले आणि बसलेच. कोणा लठ्ठ माणसाची खुर्चीत बसतानाची नक्कल त्यानं करून दाखवली, खुर्चीभोवती फिरून, हातवारे करून. मी दारात उभा राहून पोट धरून हसलो. मग स्वतःहून भिंतीवर मूठ आपटली. पलीकडून आवाज आला, "चष्मेवाले तापले!"

दिवेलागणीला त्या डब्यातून मावशींचा आवाज आला. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ.

"अहो दादा, या हो लवकर! वहिनी खाली पडल्यात! या हो!"

रेडिओ वस्तरा हातात तसाच घेऊन निघाला, मी त्याच्या हातातून तो हिसकावून ठेवला आणि मागोमाग पळालो. वहिनी पलंग आणि भिंत यांच्या बेचक्यात उजव्या अंगावर पडल्या होत्या. पाण्याचा तांब्या घ्यायला गेल्या असणार. तांब्या कलंडून सांडलेलं पाणीसुद्धा वाळून गेलं होतं. वाटी पलंगाखाली घरंगळलेली. डाव्या हाताच्या बोटांची सालं निघाली होती, फरशीवर आपटून आपटून. आम्ही तिघांनी त्यांना कसंबसं वर घेतलं. खांदा निखळलाय हे मलासुद्धा दिसत होतं. मावशींनी दवाखान्याची गाडी बोलावली.

सलून सताड उघडं होतं आणि खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूस. म्हणून मी तेवढ्यापुरता परत आलो. तो माणूस तोंड पुसून निघून गेला होता. मी शटर ओढणार, तेवढ्यात आरशाखालचा डबा बोलला. रेडिओचाच आवाज, माझ्या शेजारी उभा असल्यासारखा.

"आवाज का नाही दिलास गं?"

मग काही नाही.

"मी तिथंच बसलो होतो ना. दिवसभर कान लावून. एक हाक मारायचीस."

पुन्हा काही नाही.

"हो, हो, कळलं. अगं, एवढ्या मोठ्यानं नको. घसा फाटेल तुझा. हळू. मी इथंच आहे."

मी डबा उचलून कानाला लावला. हिरवा दिवा चालू होता. तिकडे वहिनी घसा फुटेस्तोवर ओरडत होत्या, आणि इकडे टाचणी पडल्याचाही आवाज नव्हता. पंखा गाळला, नळ गाळला, वाटी गाळली, आणि तो हुंकारही पंख्यात धरून गाळून टाकला. त्या यंत्राच्या लेखी वहिनींचा आवाज माणसाचा नव्हता. परीक्षा आम्ही मावशींना बोलायला लावून घेतली होती. जिला बोलता येत नाही तिला आवाज काढायला सांगायचं, हे आम्हां दोघांना सुचलंच नव्हतं.

दवाखान्यात खांदा बसवत होते तेव्हा मी त्याला सांगितलं. सांगावं की नाही यावर माझा जीव वरखाली झाला, पण तो बायकोवर रागावलेला होता आणि ते मला सहन होईना. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी नक्कल करत होतो तेव्हा..." तो म्हणाला. बाकावर बसून त्यानं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला, गिऱ्हाइकांना गप्प करताना बोट ठेवायचा तसा नव्हे, कोणीतरी दुसऱ्यानं दाबावा तसा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो झटकला नाही म्हणून तसाच ठेवून बसलो.

आता वहिनींचा पलंग सलूनमध्ये, मागच्या बाजूला आहे. या वेळी त्यानं त्यांना विचारलं नाही. मध्ये एक पडदा आहे, हात लांब केला तर त्यांना लागेल इतकं अंतर. दर थोड्या वेळानं तो कात्री ठेवतो, पडदा सारतो, आत बघतो. गिऱ्हाइकं कमीच आहेत, जी आहेत ती चांगली आहेत, मान वळवून पाहत नाहीत.

पण वहिनी आता आवाज देत नाहीत. त्या दिवसापासून घशातून एक हुंकार नाही. डॉक्टर म्हणतात, घसा ठीक आहे, काही झालेलं नाही. वाटी हातात दिली तर मूठ उघडतात आणि ती चादरीवर पडू देतात. तहान लागली तरी पडून असतात. ओठ सुकलेले दिसले की यानं ओळखायचं. त्या दुपारी त्यांनी जेवढं बोलावायचं तेवढं बोलावून घेतलं आणि कोणी आलं नाही, एवढंच त्यांच्यापुरतं खरं आहे. त्यांना डब्याचं सगळं समजावून सांगितलंय. त्यांना ते कळतंही. कळून काय उपयोग?

काल दुपारी त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं. पडदा सरकल्याचं मला ऐकू आलं, मग स्टूल ओढल्याचं.

"मार ना एक हाक," रेडिओ म्हणाला. "शिवी दे. काही पण काढ. बघ, मी किती जवळ आहे. ऐकतोय मी."

मी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि श्वास रोखून उभा राहिलो. पलीकडून काहीच आलं नाही.